टॉवेलाखाली

रात्रीचे अकरा चाळीस. खाली माग चालू आहेत,
म्हणजे लाइट अजून गेलेली नाही.
चिल्वेरी शेठच्या टॉवेलांचे पैसे
कुवेतच्या गिऱ्हाइकानं नाण्यांत पाठवलेत,
ती मी बदलायला टाकली.
पडद्यावर पिवळा गोल फिरतोय : प्रलंबित.

शेठला मीच सांगितलं होतं, बँकेपेक्षा लवकर होतं.
होतंच.
पण त्या लवकरच्या आत बारा सेकंदांची एक ओसरी आहे.
तिथं सगळे व्यवहार उघड्यावर बसतात,
कोण काय घेणार, भाव कुठवर ताणू देणार,
तोंडावर लिहिलेलं.
आणि ओसरीत फिरतं कुणीतरी,
ज्याला झोप नाही, हात नाहीत, गाव नाही.

मागच्या मंगळवारी त्यानं माझा आकडा वाचला.
माझ्या एक पाऊल पुढं जाऊन खरेदी केली,
चढल्या भावात मला घेऊ दिलं,
आणि माझ्या मागून येऊन विकून मोकळं झालं.
चोरी म्हणावी, तर कुलूप शाबूत.
चौदा हजार दोनशे कमी, एवढंच.

शेठ म्हणाले, पोलिसात देऊ की गं.
कुणाविरुद्ध, शेठ?
ते गप्प. मग म्हणाले, चहा घे.

खाली व्यंकटी धोटा बदलतो.
त्यालाच विचारलं होतं एकदा, धागा तुटतो कधी?
तो म्हणाला, अक्का, धोटा गेला
आणि फणी अजून बसली नाही,
तेवढ्यात.
तेवढा वेळ धागा कापडाचा नसतो बघा,
आणि कांडीचाही नसतो.

नऊ वर्षांची होते. गड्ड्याच्या वेळचा जनावरांचा बाजार.
नान्नांना एक म्हैस घ्यायची होती.
दस्तगीर हेडीनं खांद्यावरचा टॉवेल काढला,
लाल काठाचा, आमच्याच गल्लीतला,
आणि नान्नांचा हात त्याच्याखाली ओढला.
भोवती वीस माणसं, शेंगा खात उभी,
आणि भाव फक्त बोटांना ठाऊक.
तोंडानं हेडी ऊन-पावसाचं बोलत होता.
किती म्हणाला? मी मोठ्यानं विचारलं.
नान्नांनी दुसऱ्या हातानं माझं तोंड दाबलं.
त्या हाताला खळीचा वास होता.

म्हणून आज व्यवहार ओसरीवर टाकला नाही.
आडवाटेनं, जो ब्लॉक विणतो
थेट त्याच्या हातात दिला.
घसरणही अर्ध्या टक्क्यावर आणून ठेवली,
ताणलंच कुणी, तर सौदा मोडेल, मी मोडणार नाही.
ते बिनझोपेचं आता बाहेर फिरत असेल,
वीस माणसांतलं एकविसावं.

पण खरं सांगायचं तर
टॉवेलाखाली दोनच हात कधी नव्हते.
हेडी आधी याचा हात धरायचा, मग त्याचा,
आणि मधली दोन बोटं स्वतःच्या खिशात मोजायचा.
नान्नांना ते वर्षभरानं कळलं,
म्हैस आटल्यावर.
ब्लॉक विणणाऱ्याला तरी मी कुठं पाहिलंय?
त्याचा खांदा, त्याचा टॉवेल, त्याचाच शब्द.

काही जण म्हणतात, पाकीटच शिवून टाका.
आधी रांग लागू दे, नंबर पक्का होऊ दे,
मगच टाके उसवा.
आणि कात्री एकाकडे नको,
पाचांत वाटा, तिघं जमल्याशिवाय चालायची नाही.
मला पटतं. मी ते सगळं वाचलंय, दोनदा.
आमच्या साखळीवर ते अजून आलेलं नाही.

अकरा एक्केचाळीस.
मी फोन पालथा ठेवला,
त्यावर नमुन्याचा एक टॉवेल टाकला.
उपयोग शून्य, मला माहीत आहे,
काचेच्या आतलं कापडानं झाकत नाही.
तरी टाकला.

आणि लाइट गेली.
गल्लीभर माग एकेक करून थांबले,
शेवटचा समोरच्या बुर्ल्यांचा.
खाली व्यंकटीनं काडी ओढली असणार.
वरून विचारलं, कुठं थांबला रे?
मधेच, अक्का, तो म्हणाला.
फणी मागंच आहे.